कोरियन फाइलनावातली अक्षरं सुटी का होतात? (ड्रॉइंगची नावं जुळत नाहीत)

शिरोलीची_आरती

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग आणि क्वालिटीची कागदपत्रं सांभाळते. पंपाच्या बॉडीची काही कास्टिंग आम्ही कोरियातल्या एका गिऱ्हाइकाला देतो. त्यांची ड्रॉइंग झिप फाइलीतून येतात आणि फाइलींची नावं कोरियन लिपीत असतात. बहुतेक नावांची सुरुवात 'दोम्यन' ह्या शब्दानं होते, म्हणजे ड्रॉइंग. पुढं पार्ट नंबर आणि रिव्हिजन.

एक्सेलमधलं रजिस्टर आणि फोल्डरमधल्या फाइली ताडून बघायला मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. तो व्यवस्थित चालत होता. आता नवीन झिप आल्यापासून निम्मी नावं 'सापडलं नाही' म्हणून येतात. रजिस्टरमध्ये 'दोम्यन' दोन नीट चौकोनांत दिसतं. नवीन फाइलींच्या नावात मात्र त्याच चौकोनांचे तुकडे होऊन एकापुढं एक सुटे पडलेत. तेच नाव ब्राउझरमध्ये उघडलं की परत अखंड. नुसत्या ह्या शब्दाची लांबी प्रोग्रॅमला विचारली तर जुन्या फाइलीसाठी २ येते, नवीनसाठी ५.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एका फोल्डरमध्ये, तुकडे सोडले तर हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसल्यात. विंडोज असं कसं होऊ देतं? ह्यातली चुकीची फाइल पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्याचे नमुने बनतात तिथं, गेली तर आख्खा लॉट जाईल.

हा फाँटचा प्रश्न आहे का? आणि ही अक्षरं मुळात बनतात कशी, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. रोज बघते, पण वाचता येत नाहीत.

उद्यमनगर_किरण

आरतीताई, आधी कोरियन फाँट टाकून बघा. आमच्या सीएनसीवाल्याच्या मशीनवर जपानी मेनूचे चौकोन यायचे, फाँट टाकल्यावर गेले. नाहीतर सरळ गिऱ्हाइकाला सांगा, नावं इंग्रजीत पाठवा म्हणून. लांबी २ आणि ५ का येते, ते मलाही कळलं नाही. जाणकारांनी सांगावं.

जुना_जुळारी

आरतीताई, फाँट बदलून हे सुटणार नाही. तुम्ही लांबी विचारलीत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्या २ आणि ५ मध्येच आहे. फाँटचा दोष असता तर दिसणं बिघडलं असतं, लांबी बदलली नसती.

मी महाद्वार रोडवरच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला शिकलो. पुढं डीटीपी आलं. पण लिपी यंत्रात कशी बसते, हा विषय तेव्हापासून डोक्यातून गेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोरियन अक्षरं मुद्दाम देवनागरीतच लिहितोय, नाहीतर कुणाच्या तरी फोनवर इथंही तुकडे दिसायचे.

ह्या लिपीला हांगुल म्हणतात. लांबून ती चिनीसारखी वाटते, पण तिची घडण अगदी वेगळी. राजा सेजोंगनं ती १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. त्या वेळी वर्ण होते २८. आज मूळ वर्ण २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. व्यंजनांचे आकार उच्चाराच्या जागेवरून घेतलेत. 'ग'साठी गियोक, त्यात जिभेचं मूळ घशाकडं टेकलेलं दिसतं. 'न'साठी नीउन, त्यात जिभेचं टोक वर लागलेलं. 'म'साठी मिऊम, ते तर सरळ तोंडाचा चौकोन. आपल्याकडं क-वर्ग, च-वर्ग उच्चारस्थानानं लावलेत, पण 'क'चा आकार बघून जीभ कुठं जाते ते कळत नाही. सेजोंगच्या लिपीत ते रेघेतच दिसतं. एवढा विचार करून बसवलेली लिपी बघितली की हात जोडावेसे वाटतात.

हे वर्ण ओळीनं लिहीत नाहीत. एका दमात उच्चारायचा तुकडा एका चौकोनात बसवतात. आधी सुरुवातीचं व्यंजन, मग स्वर, मग असलंच तर तळाचं व्यंजन. स्वराची मुख्य रेघ उभी असेल तर तो व्यंजनाच्या उजवीकडं बसतो, आडवी असेल तर खाली. तुमच्या 'दो'मध्ये 'द'चा दिगुत वर आणि 'ओ' खाली, तळाला काही नाही. 'म्यन'मध्ये मिऊम डावीकडं, त्याच्या उजवीकडं 'य'सारखा ऐकू येणारा स्वर आणि तळाला नीउन. चौकोन स्वरानंच सुरू होत असेल तरी पहिली जागा मोकळी सोडत नाहीत. तिथं इऊंग नावाचं वर्तुळ मांडतात. तिथं ते मुकं असतं, आणि तेच तळाला आलं की त्याचा 'ङ' होतो.

आता हे संगणकात कसं बसतं ते बघा. आजच्या कोरियनमध्ये सुरुवातीला येऊ शकणारी व्यंजनं १९, दुहेरी धरून. स्वर आणि जोडस्वर मिळून २१. तळाला येणारी व्यंजनं आणि त्यांच्या जोड्या २७, आणि तळ मोकळा हा एक प्रकार धरला की २८. १९ × २१ × २८ म्हणजे ११,१७२. युनिकोडनं, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक (कोड) देणाऱ्या मानकानं, हे सगळेच्या सगळे चौकोन ४४०३२ पासून ५५२०३ पर्यंत एका ओळीत मांडलेत. ह्यातले कितीतरी कुठल्याच शब्दात येत नाहीत, तरी त्यांची जागा आहे. क्रम इतका शिस्तीत आहे की कोष्टक ठेवायची गरजच पडत नाही. सुरुवातीच्या व्यंजनाच्या क्रमांकाला २१ नं गुणायचं, त्यात स्वराचा क्रमांक मिळवायचा, आलेल्या संख्येला २८ नं गुणायचं, तळाचा क्रमांक मिळवायचा आणि शेवटी ४४०३२ मिळवायचे. क्रमांक शून्यापासून मोजायचे.

तुमचंच अक्षर उलट्या बाजूनं सोडवू. 'म्यन'चा कोड ४७७३२. त्यातून ४४०३२ वजा केले, राहिले ३७००. त्याला २८ नं भागलं तर भागाकार १३२, बाकी ४. तळाच्या यादीत शून्यावर मोकळा तळ, आणि ४ वर नीउन. आता १३२ ला २१ नं भागा. भागाकार ६, बाकी ६. सुरुवातीच्या यादीत ६ वर मिऊम, स्वरांच्या यादीत ६ वर तो 'य'. आख्खं अक्षर आकड्यातून बाहेर आलं! लिपी नियमानं बांधलेली होती म्हणून हे जमलं. सेजोंगनंतर साडेपाचशे वर्षांनी यंत्राला ती भागाकारानं वाचता आली.

मग तुमच्याकडं ५ कुठून आले? हेच अक्षर लिहायची दुसरी रीतही युनिकोडमध्ये आहे. प्रत्येक वर्णाला सुटा कोड दिलाय आणि ते वर्ण ओळीनं लिहिले की दाखवणाऱ्यानं त्यांचा चौकोन करायचा. त्या रीतीनं 'म्यन' म्हणजे ४३५८, ४४५५, ४५२३ असे तीन कोड, आणि 'दो'चे दोन. झाले पाच. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, फोडलेल्याला एनएफडी. युनिकोडच्या नियमानं दोन्ही समान आहेत, पण प्रोग्रॅम नुसते आकडे ताडून बघतो, त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. विंडोजचंही तेच. फाइलीचं नाव जसं आलं तसं ते ठेवून घेतं, म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये दोन्ही सुखानं नांदतायत.

फोडलेली नावं बहुधा मॅकवरून आली असणार. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं फोडूनच साठवायची. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली, तरी तिकडून आलेल्या झिपमध्ये फोडलेली नावं अजून सर्रास सापडतात. गिऱ्हाइकाकडं कुणीतरी नवीन मॅक घेतला असेल, एवढंच.

उपाय सोपा आहे. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. ताडण्याआधी फाइलीचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव, दोन्ही त्यातून एनएफसी करून घ्या. एकच बाजू करून थांबू नका.

आणि एक कळकळीची विनंती. डिस्कवरच्या फाइलींची नावं इतक्यात बदलू नका. नावं एक झाली की एक फाइल दुसरीवर बसू शकते आणि आधीची पुसली जाऊ शकते. आधी जोडून एक होणाऱ्या नावांच्या जोड्या काढा, प्रत्येक जोडीतली दोन्ही ड्रॉइंग उघडा आणि कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं रिव्हिजन डोळ्यांनी वाचा. ते यंत्रावर सोडायचं काम नव्हे.

राजारामपुरी_सई

काकांनी फार सुंदर सांगितलं. मी कोरियन शिकते, म्हणून टायपिंगच्या बाजूनं थोडी भर घालते.

कोरियातल्या नेहमीच्या कीबोर्डवर व्यंजनं डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला असतात. टाइप करताना संगणक सतत चौकोन बांधत आणि मोडत असतो. 'हाना' म्हणजे एक. त्यासाठी 'ह', 'आ', 'न' दाबलं की पडद्यावर एकच चौकोन तयार होतो, 'हान', त्यात 'न' तळाला. पुढं 'आ' दाबलं की तो 'न' तळातून उठतो आणि पुढच्या चौकोनात सुरुवातीला जाऊन बसतो, 'हा' आणि 'ना'. व्यंजन तळाचं की पुढच्याचं, हे पुढची कळ दाबेपर्यंत ठरतच नाही. सुरुवातीला अक्षरं अशी उड्या मारताना बघून गोंधळायला होतं, मग बोटांना सवय होते.

आपल्या गावाचं नाव कोरियनमध्ये चार चौकोनांत बसतं: कोल, हा, फु, रु. कोड ५३०८४, ५४६१६, ५४३९२, ४७४७६. काकांच्या रीतीनं मी वहीत मांडून बघितलं, बरोबर येतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे कोड साठवायच्या नेहमीच्या रीतीत, हांगुलचा प्रत्येक कोड ३ बाइट घेतो, म्हणजे जोडलेल्या रूपात १२ बाइट. फोडलं तर ९ वर्ण आणि २७ बाइट. आणि आपण देवनागरीत 'कोल्हापूर' लिहितो तेव्हाही क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असे ९ च कोड आणि २७ बाइट होतात. मला हे मोजून खूप आनंद झाला.

शिरोलीची_आरती

काका, झालं! दोन्ही बाजू एनएफसी केल्या आणि जवळजवळ सगळी नावं जुळली. नावं बदललेली नाहीत. जोड्यांची यादी काढलीय, उद्या आमच्या क्वालिटीच्या साहेबांबरोबर बसून एकेक ड्रॉइंग उघडणार आहे.

दोन शंका राहिल्या. एक, काही नावं अजूनही जुळत नाहीत. ती रजिस्टरमध्ये आमच्या स्टोअरमधल्या दादांनी भरलीत. त्यांच्याकडं कोरियन कीबोर्ड नाही, म्हणून कॅरॅक्टर मॅपमधून एकेक वर्ण उचलून ठेवलेत. तीही फोडलेलीच झाली ना? मग जोडली का जात नाहीत? आणि दुसरं, तुम्ही 'म्यन'मधल्या नीउनचा कोड ४५२३ सांगितला, पण मला यादीत नीउन ४३५४ वर दिसला. आकार तर तोच आहे.

जुना_जुळारी

आरतीताई, तुमच्या दोन्ही शंका एकाच ठिकाणाहून निघतात, दुसरीपासून सुरू करतो.

१४४६ च्या पुस्तकात सेजोंगनं नियमच घालून दिलाय की तळाच्या व्यंजनासाठी सुरुवातीचीच अक्षरं परत वापरावीत. कागदावर ते पुरतं, कारण चौकोनातली जागाच सांगते कोण कुठं आहे. यंत्रात मात्र वर्ण एका रांगेत येतात. रांगेत 'ह, आ, न, आ' असं आलं तर मधला 'न' कुणाचा? सईताईंनी सांगितलेला तोच पेच. टाइप करताना पुढची कळ बघून अंदाज बांधता येतो, पण साठवलेल्या मजकुरात अंदाज चालत नाही. म्हणून सुरुवातीचा नीउन ४३५४ आणि तळाचा ४५२३ असे दोन कोड दिले. छापखान्यातल्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, एकाच आकाराचे खिळे दोन घरांत ठेवावेत, एक घर ओळीच्या वरच्या अंगाचं आणि एक खालच्या, तसं हे.

तुमच्या स्टोअरच्या दादांनी उचलले ते तिसऱ्याच घरातले आहेत. युनिकोडमध्ये १२५९३ पासून पुढं सुट्या वर्णांचा आणखी एक गट आहे. जुन्या कोरियन मानकाशी मेळ राहावा म्हणून तो ठेवलाय. वर्णमाला दाखवायची, एखादा वर्ण एकटाच छापायचा, तर तो कामाला येतो. त्याला सुरुवात-तळ हा भेदच नाही, त्यामुळं एनएफसी त्याला हात लावत नाही, आणि तेच बरोबर आहे. ती नावं परत भरावी लागतील. गिऱ्हाइकाच्या ईमेलमधून कॉपी करून चिकटवली तरी चालेल.

ते जुनं मानक सांगायला हवं, कारण त्याच्यावरून कोरियात बरीच वर्षं वाद झाला. तिथं दोन मतं होती. एकाचं नाव जोहाब, म्हणजे जुळवून. १६ बिटांतला पहिला बिट खूण म्हणून ठेवायचा आणि उरलेल्या १५ चे पाच-पाचचे तीन भाग करायचे, सुरुवातीला, स्वराला आणि तळाला. पाच बिटांत ३२ पर्याय मिळतात, त्यात १९, २१, २८ आरामात बसतात. दुसऱ्याचं नाव वान्सुंग, म्हणजे तयार अक्षर. नेहमी लागणारे चौकोन निवडायचे आणि त्यांना क्रमांक द्यायचे. १९८७ च्या राष्ट्रीय मानकात वान्सुंग जिंकलं. केएस सी ५६०१ नावाचं ते मानक. त्यात चौकोन फक्त २,३५०. दुहेरी 'द', 'ओ' आणि तळाला 'म' असा साधा चौकोन, कुठलाही कोरियन पोरगा पेन्सिलीनं लिहील, पण त्या मानकात तो नाही. १९९२ च्या सुधारणेत जोहाबला परिशिष्टात जागा मिळाली. विंडोज ९५ च्या वेळी मायक्रोसॉफ्टनं उरलेले ८,८२२ चौकोन आपल्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरं आणि क्रमांकांच्या कोष्टकात, घातले, पण जुने २,३५० हलवता येत नसल्यानं नवीन कुठंतरी मोकळ्या जागांत गेले आणि वर्णक्रम विस्कटला.

माझं मत ठाम आहे. लिपीत जे लिहिता येतं ते यंत्रात लिहिता आलंच पाहिजे. 'हे अक्षर फारसं लागत नाही' म्हणून गाळायचा अधिकार कुठल्याच समितीला नसावा. आम्ही छापखान्यात होतो तेव्हा एखादं जोडाक्षर केसमध्ये नसलं तर पाय मोडून लिहायचो आणि लेखकाचा चेहरा पडलेला बघायचो. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या कामात लक्ष घातलं होतं, तेही लिपी तोडायची म्हणून नव्हे, कमी खिळ्यांत सगळं जुळावं म्हणून. जोहाबमागची बुद्धी तीच.

युनिकोडनंही हा धडा घेतला. सुरुवातीच्या आवृत्तीत हांगुलचे ६,६५६ चौकोन वेगळ्याच जागी होते. १९९६ च्या २.० आवृत्तीत ते सगळे तिथून उचलले आणि ४४०३२ पासून पूर्ण ११,१७२ क्रमानं मांडले. रिकाम्या झालेल्या जागेत पुढं चिनी अक्षरं आली. त्या आधीच्या रीतीनं साठवलेला कोरियन मजकूर ह्या हलवाहलवीत निरुपयोगी झाला, म्हणून मग ठरलं की एकदा दिलेली जागा पुन्हा कधी हलवायची नाही. तो नियम आजही आहे.

हे ११,१७२ आजच्या भाषेपुरते. सेजोंगच्या काळचे काही वर्ण आता वापरात नाहीत. त्या जुन्या मजकुरासाठी सुटे वर्णच लागतात, आणि २००९ च्या ५.२ आवृत्तीत त्यांच्यासाठी आणखी दोन गट घातले. तेव्हा फोडलेली रीत तुम्हाला आज त्रास देतेय खरी, पण जुन्या पोथ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

उद्यमनगर_किरण

काका, मी फाँट म्हणून मोकळा झालो होतो, पण हे वाचून आमचंच एक कोडं आठवलं. आमच्या मराठी बिलांत 'मोऱ्यांची जाळी' असा आयटम आहे. तो शोधला की कधी सापडतो, कधी सापडत नाही. दिसायला दोन्ही सारखे. मराठीतही फोडलेलं-जोडलेलं असतं का?

जुना_जुळारी

असतं की, किरणराव. आणि तुम्ही नेमका मराठीचा नाजूक भाग पकडलात.

देवनागरीला युनिकोडनं २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं दिली. आपल्याकडं जोडाक्षरांना स्वतंत्र कोड नाहीत. 'ल्ह' म्हणजे ल, हलन्त, ह, आणि तो जुळवायचं काम फाँटचं. म्हणजे आपली रीत मुळातच सुट्या वर्णांची. पण 'मोऱ्या'मधला अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो. एक, २३५३ वरचा नुक्ताधारी ऱ, त्यापुढं हलन्त. दुसरा, साधा र, त्यापुढं हलन्त, त्यापुढं न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार देतो त्यावर ठरतं. पडद्यावर फरक शून्य.

त्यात पहिल्या प्रकाराचा ऱ स्वतःही फोडता येतो, २३५२ वरचा र आणि २३६४ वरचा नुक्ता. तेवढा फरक एनएफसी मिटवतं. पण हे दोन मुख्य प्रकार युनिकोडच्या लेखी समान नाहीत, त्यामुळं एनएफसी करूनही ते एक होणार नाहीत. तुमच्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये शोधण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्यायची एक ओळ स्वतःच घालावी लागेल. साधा 'र्य' आणि हा 'ऱ्य' मात्र एक करू नका. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे आहेत, ते वेगळेच राहू देत.

शिरोलीची_आरती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज साहेबांबरोबर बसले. बहुतेक जोड्यांत दोन्ही फाइली एकच निघाल्या, पण एका जोडीत टायटल ब्लॉकवर रिव्हिजन वेगळं होतं, आणि जोडलेल्या नावाची फाइल जुनी होती. पॅटर्न शॉपला अजून काही गेलेलं नव्हतं. जुनी फाइल आता 'रद्द' फोल्डरमध्ये टाकलीय आणि नवीन फाइलीची प्रिंट काढून सही घेतली.

प्रोग्रॅममध्ये आता झिप उघडतानाच नाव एनएफसी होतं, आणि त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तो थांबून विचारतो. स्टोअरच्या दादांना सईताईंनी सांगितलेला कीबोर्ड बसवून दिलाय. ते आता 'दोम्यन' स्वतः टाइप करतात. किरणदादा, तुमची ती ऱ वाली ओळ लिहून झाली की इथं टाका, आमच्या डिस्पॅचच्या चलनांनाही लागेल.